पांढरी मुळं

मावशीच्या नखांकडे बघून कुणीही सांगू शकायचं, की सध्या शेडमध्ये कोणता रंग चालू आहे. निळा असला की नखांच्या कडांना निळी रेघ, बदामी असला की बोटं चहात बुडवून काढल्यासारखी. लाल रंगाचं काम निघालं की मात्र ओहोळापलीकडची रोपवाली तिला बघताक्षणी विचारायची, "आज कुणाचा मुडदा पाडलास गं?"

"तुझा राहिलाय," मावशी म्हणायची. "हातातलं काम उरकलं की येते."

हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर दोघी हसतही नसत. येता-जाता घरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा, तसं ते विचारणं आणि तसं ते सांगणं.

मावशी कापड रंगवायची. वस्तीच्या कडेला, जिथे रस्ता संपून ओहोळ लागतो, तिथे पत्र्याची लांबट शेड. आत वाफाळणारी भांडी, भिंतीलगत रंगाचे डबे, मागच्या मोकळ्या जागेत दोऱ्यांवर वाळणारं कापड. शेड तिच्या वडिलांची. ते गेले तेव्हा माझा मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अजून शाळेत जात होता. त्याला तिनेच वाढवलं आणि कामही तिनेच शिकवलं. त्याचे केस पिकायला लागले तरी ती त्याला 'बारक्या' म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

दोघांची कामाची एक रीत होती. रंगाची छटा जुळली की नाही हे एकट्याने ठरवायचं नाही. ज्याने रंग केला त्याने कापडाचा ओला तुकडा घेऊन दारात उजेडाला पाठ करून उभं राहायचं, आणि दुसऱ्याने नमुना शेजारी धरून बघायचं. याला ते 'नजर देणं' म्हणत. दिवसभर एकाच रंगाकडे बघून डोळे लबाड होतात, असं आजोबांचं म्हणणं होतं. म्हणून दुसऱ्याचे डोळे हवेत. मावशीचा हात कितीही मुरलेला असला, तरी बारक्याने मान डोलावल्याशिवाय तिचं कापड दोरीवर चढत नसे. तो नाही म्हणाला की ती कुरकुरायची, "डोळ्यात फूल पडलंय का बघ तुझ्या," पण भांडं पुन्हा शेगडीवर ठेवायची.

आणि शेडच्या मागे तिची लवंग होती.

पुरतं नाव पाणलवंग. मसाल्यातल्या लवंगेशी तिचं काही नातं नाही. पाकळ्या गळल्यावर जी बारीक शेंग उरते ती डोक्यावर चार टोकं घेऊन लवंगेसारखी दिसते, एवढंच. ओहोळाच्या कडेला, गटाराच्या तोंडाशी, जिथे पाणी साचतं तिथे कुणी न लावता उगवणारं हे तण. कमरेएवढं वाढतं. चार पाकळ्यांचं पिवळं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की पाकळ्या गळूनही जातात, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांना ही झाडं फुलतात हेच ठाऊक नसतं. पण सकाळच्या त्या थोड्या वेळात तिथे बाजार भरतो. लहानशा मधमाश्या परागात लोळून पिवळ्या होतात. पानांना भोकं पाडणारे भुंगेरे, भुंगेऱ्यांवर टपलेले कोळी, आणि एखाद्या देठावर कात टाकून नुकताच बाहेर आलेला चतुर, पंख वाळायची वाट बघत. खाली बुंध्याशी बेडकांची अंडी. शेंगा फुटल्या की धुळीसारखं बी पाण्यावर पसरतं आणि पुढच्या चिखलापर्यंत वाहत जातं.

तिचं मोठं काम मात्र पाण्याखाली चालतं. दाट देठांमध्ये शिरलं की पाण्याची धाव संपते आणि गाळ खाली बसतो. मुळं पांढरी, स्पंजासारखी हलकी. ती चिखलात हवा पोचवतात आणि त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात. घाण खातात ते हे जीव. झाड त्यांना घर देतं.

हे मावशीला पाणीखात्यातल्या एका बाईंनी सांगितलं होतं. त्या बाई आल्या होत्या भांडण मिटवायला. शेडमधून ओहोळात जाणाऱ्या रंगाच्या पाण्याने रोपवालीची सगळी नवी रोपं जळली होती आणि ती एक करपलेलं रोप कुंडीसकट घेऊन शेडच्या दारात येऊन उभी राहिली होती. दोघी तेव्हा तरुण होत्या, आवाजही तसेच होते. बाईंनी दोघींचं ऐकून घेतलं, शेडमागचा तणाने भरलेला पाणथळ तुकडा बघितला आणि म्हणाल्या, हे उपटू नका, वाढवा. आधी एक हौद बांधून त्यात गाळ बसू द्या, मग पाणी यातून हळूहळू सोडा. घाण सगळी जाणार नाही, पण पुष्कळ जाईल.

मावशीने बांध घालून त्या तुकड्याचा वाफा केला. आणि रोपवालीला शब्द दिला, की आमच्या शेडचं पाणी लवंगेतून गेल्याशिवाय तुझ्या ओहोळात उतरणार नाही. रोपवाली त्या शब्दावर परत गेली. पुढच्या बहराला तिने एक जाईचं रोप आणून शेडच्या दाराशी लावलं. मैत्री तिथून सुरू झाली.

शब्द पाळणं सोपं नव्हतं. वाफा कुणाच्या घाईला दाद देत नाही. हौद भरला की शेड थांबायची, ऑर्डर कितीही तातडीची असो. शिवाय दर वर्षी बहर सरला की हौदाजवळच्या पुढच्या रांगेतली झाडं उपटून, गाळ काढून, मागची ताजी झाडं पुढे लावावी लागत. वाकून, पोटरीभर चिखलात. पण त्यातला एक भाग मावशीला फार आवडायचा. पुढच्या रांगेची मुळं पांढरी राहिलेली नसत. त्या वर्षी जो रंग जास्त चालला तो त्यांच्यावर चढलेला असे. कधी निळसर, कधी तपकिरी, एका वर्षी चक्क जांभळट. ती झाड धुऊन मुळं मामापुढे धरायची. "हा माझा नमुना. दे नजर."

मामा डोळे बारीक करून म्हणायचा, "थोडा फिका झालाय, ताई. पुन्हा बुडव."

अलीकडे तिचे गुडघे बोलायला लागले. हौदाच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा कामाची वाटणी झाली. हौद मामाचा, वाफा तिचा.

त्या वर्षी शाळांच्या गणवेशाच्या कापडाचं मोठं काम आलं. सगळं राखाडी. "हा काय रंग आहे?" मावशी म्हणाली. "हा रंगाला आलेला कंटाळा आहे." पण काम शेडला वर्षभर पुरणारं होतं आणि वेळेत द्यायचं होतं. मामाने ते अंगावर घेतलं. भांडी दिवसभर उकळत राहिली आणि नवल म्हणजे हौद भरून शेड एकदाही थांबली नाही. मामा म्हणाला, कापडाची खळ आता वेगळ्या भांड्यात काढतो, त्यामुळे पाणी कमी लागतं. मावशीला ते पटलं. आपण शिकवलेलं पोर आपल्या पुढे गेलं, याचं तिला कौतुकच वाटलं.

एका सकाळी तोच तिला बोलवायला आला. "ताई, चहा ठेव बाजूला आणि मागे चल. तुझी लवंग काय फुललीये ते बघ."

पुढची रांग एरवी रोगट असायची. हौदातल्या पाण्याचा पहिला मार तिच्यावर. पानांच्या कडा तांबूस, फुलं तुरळक. त्या सकाळी हीच रांग सगळ्यांत उंच होती. पिवळीधमक. मधमाश्यांची गुणगुण शेडच्या दारापर्यंत येत होती.

मावशी पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मुरली रे."

ही रंगाऱ्यालाच सुचावी अशी चूक होती. नव्या कापडावर रंग आधी आखडून बसतो, डाग धरतो. पण पुन्हा पुन्हा बुडवलं की मुरतो आणि मग कापडाचाच होतो. तिला वाटलं, इतकी वर्षं आपलं पाणी पिऊन पिऊन वाफाही तसाच मुरला.

मामाने मान डोलावली. "मुरणारच. हात कुणाचा आहे?"

त्यानंतर येईल त्याला ती वाफा दाखवायला न्यायची. कापड न्यायला आलेला टेम्पोवाला सुटला नाही, माझी आई सुटली नाही. मला तर तिने सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून ओढून नेलं. "ऊठ, नाहीतर नुसते देठ बघशील," म्हणाली.

मग एकदा रोपवाली आली. जरा घुटमळत.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"तू कधीपासून विचारून बोलायला लागलीस?"

"माझ्या रोपांची टोकं करपतायत. नवी पालवी आत वळतेय. तुमच्याकडे काही बदललंय का?"

मावशी रागावली नाही. तिने रोपवालीचा हात धरला आणि तिला सरळ वाफ्यापाशी नेलं. "बघ. पाणी वाईट असतं तर आधी ही मेली असती. माझ्यावर नको, हिच्यावर विश्वास ठेव."

रोपवालीने पुढच्या रांगेतलं एक फूल बोटाने वर उचललं, पान उलटून बघितलं. "खरंच गं," ती म्हणाली. "मग माझी मातीच बिघडली असणार."

मामा तिथेच दोरीवरून कापड उतरवत होता. "खत जास्त झालं असेल," तो म्हणाला. "माती बदलून बघा."

रोपवालीने सगळी माती बदलायला काढली. काम एकटीचं नव्हतं, म्हणून संध्याकाळी शेड बंद झाली की मावशी फावडं घेऊन मदतीला जायची. पोतीच्या पोती चांगली माती दोघींनी मिळून उकरून बाहेर फेकली. रोपवाली मध्येच कंबर धरून म्हणायची, "म्हाताऱ्या झालो आपण." मावशी म्हणायची, "तू हो. माझा वाफा आत्ता कुठे वयात आलाय."

बहर सरला आणि मावशी चिखलात उतरली. पुढच्या रांगेतलं झाड दोन्ही हातांनी उपटलं, पाण्यात खळबळलं आणि सवयीने उजेडात धरलं.

मुळं पांढरी होती.

तिने शेजारचं उपटलं. मग त्याच्या पलीकडचं. अख्खा हंगाम राखाडीत गेला होता आणि मुळं मात्र भांड्यात घालण्याआधीच्या कापडासारखी कोरी. कोरं कापड ओळखायला तिला दुसऱ्या कुणाची नजर लागत नव्हती.

हातातलं झाड तसंच धरून ती चिखलाच्या पायांनी हौदाच्या पायऱ्या चढली. भिंतीला धरत, एकेका पायरीवर थांबत. वर पोचल्यावर सगळं दिसलं. हौदाचं वाफ्याकडचं तोंड चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केलेलं होतं. चिंध्याही राखाडीच. मागच्या बाजूला, लाकडाच्या फळ्यांआड, एक जाड पाइप भिंतीला चिकटून खाली गेला होता आणि वाफ्याला वळसा घालून थेट ओहोळात, रोपवालीच्या पाणी घेण्याच्या जागेच्या जरा वर, उघडत होता. गढूळ ओहोळात राखाडी कुणाला दिसणार? आणि बोळ्याच्या शेजारून, नळाला जोडलेली एक बारीक रबरी नळी वाफ्यात सोडलेली होती. तिच्यातून स्वच्छ पाणी ठिबकत होतं.

"बारक्या," तिने हाक मारली. मोठ्याने नाही.

तो आला. तिला वर बघून आधी म्हणाला, "ताई, वर कशाला चढलीस? पडशील." मग त्याला तिच्या हातातलं झाड दिसलं.

"हा पाइप कधीचा?"

मामा हात पुसत राहिला. "काम वेळेत कसं झालं असतं, तूच सांग. हौद भरला की हातावर हात धरून बसायचं. ते काम गेलं असतं तर शेड राहिली असती का?"

"मला विचारायचंस."

"हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

मावशी खाली पायरीवर बसली. तो दोन पायऱ्या वर आला. "आणि तुझे गुडघे, ताई. किती दिवस तू त्या चिखलात..."

"गुडघ्यांना मध्ये आणू नकोस." तिने झाड मांडीवर ठेवलं. "पाइपाचं मी समजू शकते. घाई होती, भीती होती. ही बारीक नळी सांग मला. हिला पाणी कोण सोडायचं?"

"मीच. सकाळी, तू उठायच्या आधी."

"रोज?"

"वाळली असती गं ती. तुला किती वाईट वाटलं असतं."

"वाळली असती तर मला कळलं असतं."

मामा पुन्हा हात पुसायला लागला.

"ती तू जगवलीस," मावशी म्हणाली, "मला दिसावी म्हणून. आणि मग मला बघायला बोलावलंस. मुरली म्हणाले मी, तुझ्यासमोर. तू मान डोलावलीस. नजर दिलीस तू, बारक्या."

मामाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, असं ती नंतर माझ्या आईला म्हणाली. शाळेत पाटी फोडून घरी यायचा तसा. पण तेव्हा तो पाटी दाखवायचा, हेही म्हणाली.

"आजच बंद करतो," तो म्हणाला. "आत्ता. पण तिला सांगू नकोस, ताई. झालं ते झालं. तिला तरी आता कळून काय? तुमचं उगीच इतक्या वर्षांचं..."

मावशी उठली. ज्या पायऱ्या चढायला तिला इतका वेळ लागला होता त्या ती न थांबता उतरली आणि ते झाड घेऊन ओहोळावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे गेली.

रोपवाली नव्या मातीने ट्रे भरत होती. "काय गं, आज लवंग मला लावायला आणलीस?" ती म्हणाली. मावशीने झाड तिच्या टेबलावर ठेवलं. पांढरी मुळं दाखवली, बोळा सांगितला, पाइप सांगितला, बारीक नळी सांगितली. सांगायला फार शब्द लागले नाहीत. रोपवाली ऐकता ऐकता अंगठ्याने माती दाबत होती. एक कप्पा, मग दुसरा.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"पण हाताला धरून मला तू नेलंस."

"हो."

"आणि माती फेकायलाही आलीस."

"हो."

जुन्या भांडणात ती दारात उभी राहून ओरडली होती, तशी आताही ओरडेल असं मावशीला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. रोपवालीने हात पुसले, टेबलावरचं झाड उचललं आणि वाळू नये म्हणून पाण्याच्या बादलीत उभं केलं. "हिचा काय दोष," ती म्हणाली. "हिला दिलं ते पाणी ती प्यायली." मग पुन्हा ट्रे पुढे ओढला. मावशी फळीवरून परत आली.

पाइप मामाने स्वतः कापला. तुकडे शेडच्या भिंतीला लावून ठेवले, तिला दिसतील असे. हौद भरला की शेड पुन्हा थांबू लागली. दोघं एका टेबलावर जेवतात, ती त्याला औषधाची आठवण करते, तो तिच्यासाठी बाजारातून गुडघ्यांचं तेल आणतो. माझी आई दोघांत समेट करायला गेली होती. "भाऊच आहे ना तो," आई म्हणाली.

"म्हणूनच," मावशी म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

फक्त आता ती नजर देत नाही. मामा ओला तुकडा घेऊन दारात उजेडाला पाठ करून उभा राहतो. ती भांडं ढवळता ढवळता म्हणते, "तू बघितलंस ना? मग चढव दोरीवर." तो तरीही थोडा वेळ तिथेच थांबतो. स्वतःचा तुकडा ती एकटीच दारात नेते. आधी डोळे मिटून घेते, उघडते, बघते. पुन्हा मिटते, पुन्हा बघते. एकट्याने दोघांचं बघायचं म्हणजे वेळ लागतो.

वाफा पुन्हा पूर्वीसारखा झाला. पुढची रांग तांबूस, खुरटी, फुलं मोजकी. मधमाश्या आता मागच्या रांगांवर येतात. आणि अधूनमधून, न सांगता, रोपवाली येते. शेडमध्ये डोकावत नाही. बांधावर चपला काढते, चिखलात उतरते, पुढच्या रांगेतलं एक झाड उपटते, पाण्यात धुऊन मुळं उजेडात धरते. बघते. मग झाड जागेवर खोचून टाचेने चिखल दाबते आणि फळीवरून पलीकडे जाते. ती पहिल्यांदा आली तेव्हा मावशी लगबगीने बाहेर गेली होती, काहीतरी बोलायला. नंतर नुसतीच जाऊन उभी राहू लागली.

परवा मी तिथे होते तेव्हा लाल रंगाचं काम चालू होतं. रोपवाली येताना दिसली तशी मावशी हातातलं सोडून मागे गेली. फडकं खांद्यावर होतं, पण हात पुसले नाहीत. कोपरापर्यंत लाल हात समोर धरून ती बांधावर उभी राहिली.

रोपवालीने झाड उपटलं, धुतलं, वर धरलं. मुळांवर फिकट लाल चढला होता. तिने मुळांकडे बघितलं. मग मावशीच्या हातांकडे बघितलं, आणि तिथे तिची नजर जरा जास्त वेळ थांबली. मावशी तिच्या विचारण्याची वाट बघत होती.

"लाल आहेत," रोपवाली म्हणाली. झाड चिखलात खोचलं, टाचेने दाबलं, चपला हातात घेतल्या आणि गेली.

मावशीने मग हात पुसले.